ॲल्युमिनावरच्या धातू-उत्प्रेरकात अल्कली घालताना: मात्रा, क्रम आणि परिणामाची पारख

पोटॅशियम एका उत्प्रेरकाला तारते आणि दुसऱ्याला मारते. प्रोपेनपासून प्रोपीन करणाऱ्या प्लॅटिनम-कथील उत्प्रेरकात ते नसेल तर ॲल्युमिनाच्या आम्लधर्मी जागांवर प्रोपीन तुटत राहते आणि कोक, म्हणजे कार्बनचा थर, झपाट्याने साचतो. नॅफ्थाचे (हलक्या खनिज तेलाचे) वाफेसोबत रिफॉर्मिंग करणाऱ्या, म्हणजे त्यातून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड काढणाऱ्या निकेललाही ते कार्बनपासून वाचवते. पण फिशर-ट्रॉप्श विक्रियेसाठी (कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून हायड्रोकार्बन करण्यासाठी) केलेल्या कोबाल्टवर तेच पोटॅशियम अगदी थोडे गेले तरी क्रियाशीलता घसरते. मिथेनॉलसाठीच्या तांबे-झिंक ऑक्साइड-ॲल्युमिना उत्प्रेरकात धुण्यातून राहून गेलेले सोडियम तर सरळ विषच ठरते.

त्यामुळे ‘अल्कली (लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम किंवा सिझियम) घातल्यावर काय होते?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. आधी विचारायला हवे ते हे, की घातलेले अल्कली बसले कुठे: ॲल्युमिनावर (म्हणजे धातूचे कण ज्यावर बसवतात त्या आधारावर), धातूवर, की दोघांच्या सीमेवर? ते कळले की बहुतेक निकालांचा अर्थ लागतो. ते न कळता काढलेला क्रियाशीलतेचा आलेख कितीही सुबक असला तरी त्यातून पुढचा उत्प्रेरक कसा करावा हे समजत नाही. जे स्वतः नमुने तयार करतात आणि स्वतःच तपासतात, त्यांच्यासाठी ही सगळी वाट पायरीपायरीने मांडतो आहे.

तीन जागा, तीन वेगळी कामे

गॅमा ॲल्युमिनाच्या पृष्ठावर असे ॲल्युमिनियम आयन असतात ज्यांना पुरेसे ऑक्सिजन शेजारी मिळालेले नसतात. त्या लुईस आम्ल जागा, म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणाऱ्या जागा. त्यांच्या सोबतीला हायड्रॉक्सिल गट असतात. अल्कली आयन सगळ्यांत आधी या दोघांकडे जातो, कारण आम्ल आणि आम्लारी यांची ओढ तिथेच सर्वांत जास्त असते. इथे बसलेले अल्कली धातूला फारसे हात लावत नाही. ते आधारावर चालणाऱ्या नको त्या विक्रिया बंद करते: साखळी तुटणे, समघटकीकरण, बहुलकीकरण, कोक. ॲसिटिलीनच्या निवडक हायड्रोजनीकरणात पॅलेडियम-ॲल्युमिनावर तयार होणारे चिकट ‘ग्रीन ऑइल’ यानेच कमी होते.

दुसरी जागा धातूचा पृष्ठभाग. इथे अल्कली आयन दोन गोष्टी करतो. एक म्हणजे जागा अडवतो. दुसरी म्हणजे त्याच्या धनप्रभारामुळे शेजारच्या अणूंवर स्थानिक विद्युतक्षेत्र तयार होते. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड किंवा नायट्रोजन यांसारख्या रेणूंच्या रिकाम्या प्रतिबंधी कक्षकांत (ज्यांत इलेक्ट्रॉन गेले की रेणूचा बंध सैल होतो) धातूकडून जास्त इलेक्ट्रॉन जातात, धातूशी बंध घट्ट होतो आणि रेणूच्या आतला बंध सैल होतो. अमोनियाच्या लोह उत्प्रेरकात पोटॅशियम हेच करते. आल्विन मिटॅश यांच्या चमूने बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत हजारो मिश्रणे तपासून लोह, ॲल्युमिना आणि पोटॅशियम यांचा मेळ शोधला. पोटॅशियममुळे नायट्रोजनचे विघटन कसे सोपे होते हे गेर्हार्ड एर्ट्ल यांनी स्वच्छ लोहस्फटिकांवर दाखवले. पृष्ठरसायनातील कामासाठी त्यांना २००७ चे नोबेल मिळाले. त्या उत्प्रेरकात ॲल्युमिना आधार नसून लोहकणांना एकमेकांत मिसळू न देणारा घटक आहे, हे मात्र ध्यानात ठेवा. तिथले निष्कर्ष ॲल्युमिनावर बसवलेल्या धातूला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तिसरी जागा सीमारेषेची, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित. धातूकणाच्या कडेला बसलेला अल्कली आयन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांना धरून ठेवतो आणि त्यांचे हायड्रॉक्सिल व कार्बोनेट धातूच्या अगदी शेजारी उपलब्ध करतो. जल-वायू स्थानांतर विक्रियेत (कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेपासून कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन) प्लॅटिनमला सोडियमने मिळणारा लाभ यातूनच येतो. मारिया फ्लिट्झानी-स्टेफानोपुलोस यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले, की सोडियम किंवा पोटॅशियम असेल तर ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिलने वेढलेले प्लॅटिनम ॲल्युमिना आणि सिलिका या दोन्हींवर टिकते आणि कमी तापमानाला ही विक्रिया घडवते.

आणखी एक. प्रत्यक्ष उत्प्रेरकात अल्कली कधीच चकचकीत धातूरूपात नसते. ते ऑक्साइड, हायड्रॉक्साइड, कार्बोनेट किंवा पृष्ठाला बांधलेला आयन अशा रूपात असते, आणि भोवतालच्या वायूप्रमाणे हे रूप बदलत राहते. निर्वात कक्षातल्या प्रयोगांतले आकडे वाचताना हा फरक विसरू नका.

पायरी १: आधी ॲल्युमिनाची ओळख करून घ्या

बाटलीवर ‘गॅमा ॲल्युमिना’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. बायर प्रक्रियेतून (बॉक्साइटपासून कॉस्टिक सोड्याने) आलेल्या ॲल्युमिनात सोडियम आधीपासूनच असते, कित्येकदा दशांश टक्क्यांच्या घरात. अल्कॉक्साइडपासून केलेल्या ॲल्युमिनात ते फारच कमी असते. तुम्ही ०.१ टक्का पोटॅशियमचा परिणाम शोधत असाल आणि आधारातच तेवढे सोडियम असेल, तर तुमचा ‘शून्य’ नमुना शून्य नाही. म्हणून सुरुवातीलाच सोडियम, पोटॅशियम, क्लोरिन आणि गंधक यांचे विश्लेषण करून घ्या.

विश्लेषणातही खाचा आहेत. लिथियम बोरेटसोबत वितळवून ॲल्युमिना विरघळवले तर त्याच नमुन्यात लिथियम मोजता येणार नाही. काचेच्या भांड्यातून सोडियम उतरते, म्हणून पॉलिप्रॉपिलीन किंवा फ्लोरोपॉलिमरची भांडी घ्या. अणुशोषण पद्धतीने पोटॅशियम मोजताना ज्योतीत ते आयनीभूत होऊन आकडा चुकतो. द्रावणात आणि प्रमाण द्रावणांतही सारखेच सिझियम क्लोराइड घातले की हा दोष आटोक्यात येतो.

मग पृष्ठक्षेत्रफळ आणि छिद्रांचे आकारमान मोजा. मोजण्याआधी ॲल्युमिना नंतर ज्या तापमानाला भाजणार आहात त्याच तापमानाला, निदान ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला, काही तास भाजून घ्या, म्हणजे पुढच्या टप्प्यांत आधारच बदलत राहणार नाही.

पायरी २: मात्रा वजनाने नव्हे, अणूंनी ठरवा

या विषयात वजनाच्या टक्क्याने जेवढा गोंधळ घातला आहे तेवढा दुसऱ्या कशाने नसेल. लिथियमचा अणुभार ६.९४, सिझियमचा १३२.९. दोन्ही ‘१ टक्का’ घातले तर लिथियमचे अणू सिझियमच्या १९ पट होतात. अशी तुलना म्हणजे दोन धातूंची तुलना नव्हेच.

सूत्र सोपे आहे. एक ग्रॅम आधारावर जितके मिलिमोल अल्कली, त्याला ६०२ ने गुणा आणि पृष्ठक्षेत्रफळाने (चौरस मीटर प्रति ग्रॅम) भागा. उत्तर येते दर चौरस नॅनोमीटरला किती अणू.

उदाहरण घेऊ. २०० चौरस मीटर प्रति ग्रॅमचे ॲल्युमिना, त्यावर दर ग्रॅमला १० मिलिग्रॅम पोटॅशियम. १० भागिले ३९.१ म्हणजे ०.२५६ मिलिमोल. ०.२५६ गुणिले ६०२ भागिले २०० म्हणजे सुमारे ०.७७ अणू प्रति चौरस नॅनोमीटर.

आता हेच गणित एथिलीन ऑक्साइडच्या चांदी उत्प्रेरकाला लावा. तिथे आधार अल्फा ॲल्युमिना असतो आणि त्याचे पृष्ठक्षेत्रफळ जेमतेम १ चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या आसपास. त्यावर सिझियम काहीशे पीपीएमच (दशलक्षात काहीशे भाग) घालतात. ३०० पीपीएम धरा: ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.००२२६ मिलिमोल, म्हणजे सुमारे १.४ अणू प्रति चौरस नॅनोमीटर. एकीकडे टक्का, दुसरीकडे पीपीएम, आणि पृष्ठावरची दाटी मात्र एकाच पातळीची! त्या अल्फा ॲल्युमिनावर कोणी १ टक्का पोटॅशियम घातले तर दर चौरस नॅनोमीटरला दीडशेहून अधिक अणू येतील, म्हणजे क्षाराचा जाड थरच.

पुढचा हिशेब धातूचा. वरच्याच गॅमा ॲल्युमिनावर ०.५ टक्का प्लॅटिनम आहे आणि त्यातले निम्मे अणू पृष्ठावर उघडे आहेत असे समजा. प्लॅटिनमचा उघडा पृष्ठभाग येतो सुमारे ०.६ चौरस मीटर. आधाराचा २००. म्हणजे अल्कली कुठलीही आवडनिवड न ठेवता सगळीकडे सारखे पसरले, तरी त्यातला जेमतेम ०.३ टक्का धातूवर पडेल. पण तेवढ्यानेही पृष्ठावरच्या दर १६ प्लॅटिनम अणूंमागे एक पोटॅशियम येतो. एका आयनाचा प्रभाव त्याच्या शेजाऱ्यांवरही पडत असल्याने ही मात्रा नगण्य नव्हे. हे दोन्ही आकडे एकत्र धरले तरच चित्र स्पष्ट होते: अल्कलीचा जवळजवळ सगळा साठा ॲल्युमिनावर असतो, आणि धातूवर जाणारा छोटा अंश तरीही वर्तन बदलू शकतो.

म्हणून एकाच मात्रेवर निष्कर्ष काढू नका. ०.१, ०.२५, ०.५, १ आणि २ अणू प्रति चौरस नॅनोमीटर अशी मालिका करा. २०० चौरस मीटरच्या आधारावर पोटॅशियमसाठी हे दर १०० ग्रॅम आधारामागे साधारण ०.१३, ०.३२, ०.६५, १.३ आणि २.६ ग्रॅम होते. या मालिकेत बहुधा तीन टप्पे दिसतात. सुरुवातीला आधाराच्या आम्ल जागा विझतात आणि धातूला काही कळतही नाही. मग एका मात्रेनंतर सीमा आणि धातू दोन्ही बदलू लागतात. शेवटी जागा अडतात, छिद्रांची तोंडे बुजतात आणि सगळेच घसरते. तुमच्या विक्रियेसाठी योग्य बिंदू कोणत्या टप्प्यात आहे हे मालिकेशिवाय समजायला मार्ग नाही.

पायरी ३: क्षार निवडा

सामान्यतः नायट्रेट किंवा कार्बोनेट. क्लोराइड टाळा, कारण क्लोरिन ॲल्युमिनाची आम्लता वाढवतो, म्हणजे अल्कली जे करणार त्याच्या नेमके उलट. सल्फेट तर नकोच. धातूसाठी क्लोरोप्लॅटिनिक आम्ल वापरणार असाल तर त्यातला क्लोरिन अल्कलीला पकडून क्लोराइड करतो हे गृहीत धरा. शक्य असेल तेव्हा टेट्राअमाइन प्लॅटिनम नायट्रेटसारखा क्लोरिनमुक्त क्षार घ्या.

पाच अल्कलींची तुलना करायची असेल तर मोल सारखे ठेवा. १० ग्रॅम ॲल्युमिनावर २.५६ मिलिमोलसाठी लिथियम नायट्रेट ०.१७६ ग्रॅम, सोडियम नायट्रेट ०.२१७, पोटॅशियम नायट्रेट ०.२५९, रुबिडियम नायट्रेट ०.३७७ आणि सिझियम नायट्रेट ०.४९९ ग्रॅम लागते. लिथियम नायट्रेट हवेतले पाणी झपाट्याने ओढते, म्हणून ते वाळवून लगेच तोला.

पायरी ४: आधी कोण, नंतर कोण

क्रम बदलला की अल्कलीची जागा बदलते. इथे घाई करू नका.

अल्कली आधी घालून भाजले आणि नंतर धातू घातला, तर अल्कलीला आम्ल जागा निवडायला मोकळीक मिळते. फक्त आधार शांत करायचा असेल तेव्हा हा क्रम बरा. अडचण अशी, की भाजल्यानंतरही अल्कलीचा काही भाग पाण्यात विरघळतो. धातूचे द्रावण ओतल्याबरोबर छिद्रांतले पाणी आम्लारीधर्मी होते. निकेल नायट्रेटचे द्रावण अशा पृष्ठावर हायड्रॉक्साइड म्हणून तोंडाशीच बसू शकते. प्लॅटिनमचे गणितही बिघडते. ॲल्युमिनाचा शून्यप्रभार बिंदू ८ च्या आसपासच्या सामूला असतो. त्याखाली पृष्ठ धनप्रभारित असते आणि ऋणप्रभारित क्लोरोप्लॅटिनेट ओढून घेते. अल्कलीने सामू वर नेला की ही ओढ सुटते आणि प्लॅटिनमचे कण मोठे होतात. मग जो बदल दिसतो तो कणांच्या आकाराचा असतो आणि श्रेय मात्र अल्कलीच्या इलेक्ट्रॉनांना दिले जाते.

धातू आधी घालून, भाजून, क्षपण करून मग अल्कली घातले, तर धातूचे कण सगळ्या मालिकेत एकाच खेपेतले असल्याने तुलना सरळ होते. अभ्यासासाठी मी हाच क्रम सुचवेन. यात अल्कली धातूवर आणि सीमेवर जाण्याची शक्यताही जास्त असते.

दोन्ही एकत्र घालणे सोपे, पण क्लोरोप्लॅटिनिक आम्लासोबत पोटॅशियम किंवा सिझियमचा क्षार मिसळून पाहा: पिवळा साका खाली बसेल, कारण या दोघांचे क्लोरोप्लॅटिनेट पाण्यात फार कमी विरघळतात. सोडियमचे मात्र चांगले विरघळते. तेव्हा एकत्र भरून केलेल्या सोडियम आणि पोटॅशियमच्या नमुन्यांत फरक दिसला, तर तो विद्राव्यतेचा असण्याची दाट शक्यता आहे.

पायरी ५: भरणे, वाळवणे, भाजणे

ॲल्युमिना १२० अंशांना रात्रभर वाळवा. थोड्या नमुन्यावर थेंबथेंब पाणी घालत, ढवळत, पूड पहिल्यांदा ओलसर गोळा धरू लागते तिथपर्यंतचे पाणी मोजा. तेवढी तुमची क्षमता. १० ग्रॅमला ५ मिलिलिटर लागले, तर क्षार ४.८ मिलिलिटरच्या आसपास द्रावणात बसवा आणि तसेच थेंबथेंब भरा. वर पाणी तरंगले तर क्षार भांड्याच्या भिंतीवर वाळतो आणि मात्रा कागदावरच राहते.

तास-दोन तास झाकून ठेवा, मग ११० ते १२० अंशांना वाळवा. पूड असेल तर फारशी चिंता नाही, पण गोळ्या असतील तर आहे. अल्कली नायट्रेट पृष्ठाला घट्ट चिकटत नाही. वाळताना द्रावण बाहेर खेचले जाते आणि क्षार गोळीच्या कडेला जमू शकतो. एक गोळी मधोमध कापून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूलद्रव्यांचे प्रमाण एका रेषेत मोजा, कडेपासून केंद्रापर्यंत.

भाजणे कोरड्या हवेच्या प्रवाहात, मिनिटाला २ अंश चढ, ५०० अंशांना ४ तास. नायट्रेट विघटित होताना नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडतात, भट्टीला चांगला धूरमार्ग हवाच. पोटॅशियम नायट्रेट ३३४ अंशांना वितळते, त्यामुळे जास्त मात्रेत ते वाहत जाऊन एकवटू शकते. सगळे नायट्रेट गेले की नाही हे अवरक्त वर्णपटात किंवा वस्तुमान वर्णपटमापीत पाहून खात्री करा. उरलेले नायट्रेट पुढे हायड्रोजनमध्ये अमोनिया देते आणि क्षपणाचे सगळे आलेख बिघडवते.

तयार नमुना बंद शोषपात्रात ठेवा. उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल घेऊन त्याचे कार्बोनेट होते, आणि आज मोजलेला नमुना महिन्याने तसाच राहत नाही.

पायरी ६: तुलनेचे नमुने

हा भाग छोटा आहे, पण तो गाळला तर बाकी सगळे व्यर्थ. लागतात पाच नमुने: नुसते ॲल्युमिना, अल्कली घातलेले ॲल्युमिना, धातू-ॲल्युमिना, धातू-अल्कली-ॲल्युमिना, आणि पाचवा असा धातू-ॲल्युमिना ज्यावर अल्कलीच्या द्रावणाऐवजी नुसते पाणी भरून तेच वाळवणे आणि तेच भाजणे पुन्हा केले आहे. हा पाचवा नमुना फार वेळा केलाच जात नाही. दुसऱ्यांदा भाजल्याने धातूकण वाढले असतील तर ते फक्त त्यालाच विचारून कळते.

जमल्यास सिलिकावरचा तोच धातू आणि तेच अल्कली असा सहावा जोडा करा. सिलिकावर लुईस आम्ल जागा जवळपास नसतात. तिथेही परिणाम दिसला तर तो केवळ ॲल्युमिनाची आम्लता विझल्याचा नाही.

पायरी ७: अल्कली बसले कुठे, ते शोधा

आधाराची बाजू आधी. पिरिडीन शोषवून अवरक्त वर्णपट घेतला तर १४५० प्रति सेंटीमीटरच्या आसपासचा पट्टा लुईस जागा दाखवतो, १५४० चा ब्रॉन्स्टेड, म्हणजे प्रोटॉन देणाऱ्या जागा. अल्कलीने १४५० चा पट्टा खचायला हवा. मात्र पिरिडीन अल्कली आयनालाही सैलसर बांधले जाते आणि त्याचा पट्टा जवळच येतो. १५० अंशांना निर्वात करून मगच वर्णपट वाचा. अमोनियाचे तापमानक्रमित निष्कासन (तापमान वाढवत शोषलेला वायू बाहेर काढणे) आम्लतेची एकूण बेरीज देते, कार्बन डायऑक्साइडचे निष्कासन आम्लारी जागांची. सगळ्यात स्वस्त आणि बोलकी चाचणी आयसोप्रोपिल अल्कोहोलची: धातू नसलेल्या नमुन्यावर ते सोडा. आम्ल जागा प्रोपीन देतात, आम्लारी जागा ॲसिटोनकडे नेतात. कोणत्या मात्रेला प्रोपीन संपते ते नोंदवा. तोच तुमच्या मालिकेतल्या पहिल्या टप्प्याचा शेवट.

आता धातूची बाजू. उघड्या अणूंची मोजणी शक्यतो हायड्रोजनने करा. कार्बन मोनॉक्साइड अल्कलीच्या सान्निध्यात सरळ बसण्याऐवजी दोन अणूंमध्ये पूल करून बसू लागते, म्हणजे ‘एका धातूअणूला एक रेणू’ हे गृहीतकच ढळते. शिवाय ते आधारावरच्या हायड्रॉक्सिलशी फॉर्मेटही करते. निकेलसाठी इशारा वेगळा आणि गंभीर: क्षपित निकेलवर २०० अंशांखाली कार्बन मोनॉक्साइड सोडू नका, अतिविषारी निकेल कार्बोनिल तयार होऊ शकते. हायड्रोजनचे शोषण घटले पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात कण तेवढेच दिसले, तर अल्कली धातूवर चढले आहे. दोन्ही बदलले तर कणच वाढले आहेत. या दोन मोजण्या एकत्र केल्याशिवाय ‘दर जागेमागे वेग’ काढणे चुकीचे.

कार्बन मोनॉक्साइडचा अवरक्त वर्णपट मात्र जरूर घ्या, मोजणीसाठी नव्हे तर बंधासाठी. प्लॅटिनमवरचा सरळ पट्टा २०७० प्रति सेंटीमीटरच्या आसपास असतो. अल्कली धातूपाशी असेल तर तो खाली सरकतो आणि पुलांचे पट्टे वाढतात. पण शोषण विरळ झाल्यानेही, रेणूंची आपसातली जोडणी कमी होऊन, तोच पट्टा खाली येतो. त्यामुळे पृष्ठ सारखेच झाकलेले असताना तुलना करा.

क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटात ॲल्युमिनावरच्या प्लॅटिनमची नेहमीची ४एफ रेषा ॲल्युमिनियमच्या २पी रेषेखाली दडते, म्हणून ४डी पाहा. पोटॅशियमची २पी रेषा २९३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ, कार्बनच्या रेषेला लागूनच येते. दोन्ही एकत्र जुळवल्याशिवाय क्षेत्रफळ काढू नका.

पायरी ८: विक्रियेत तपासा

मूळ वेग मोजायचा तर रूपांतरण (कच्च्या मालातला विक्रिया झालेला वाटा) १० टक्क्यांखाली ठेवा. निवडकता मात्र समान रूपांतरणालाच ताडा. अल्कलीने क्रियाशीलता निम्मी झाली की रूपांतरण घटते, आणि रूपांतरण घटले की क्रमाने पुढे होणारे उपपदार्थ आपोआप कमी होतात. त्याला निवडकतेतली सुधारणा म्हणणे ही स्वतःची फसवणूक. वायूचा प्रवाह किंवा उत्प्रेरकाची मात्रा बदलून सगळे नमुने एकाच रूपांतरणावर आणा, मग बोला. वेग नेहमी दर ग्रॅम धातूमागेही नोंदवा, कारण अल्कलीच्या वजनाने नमुन्यातला धातूचा टक्का थोडा उतरतो.

त्यानंतर विक्रियेचे क्रम (प्रत्येक घटकाच्या प्रमाणानुसार वेग किती बदलतो ते) आणि सक्रियण ऊर्जा काढा. वेळ लागतो, पण निर्णायक उत्तरे इथेच मिळतात.

शोषण ज्या प्रमाणात घटले त्याच प्रमाणात वेग घटला, आणि सक्रियण ऊर्जा व क्रम तसेच राहिले, तर अल्कलीने फक्त जागा अडवली. वेग तसाच, पण तुटलेल्या साखळ्या आणि कोक कमी, तर काम आधारावर झाले. कार्बन मोनॉक्साइडचा क्रम बदलला आणि सोबत त्याचा पट्टाही सरकला, तर धातूवरचे शोषण बदलले. पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड असेल तेव्हाच वेग वाढतो आणि पाण्याचा क्रम खाली येतो, तर सीमेकडे पाहा.

लिथियम ते सिझियम ही मालिका आणखी एक धागा देते. समान मोलला पाचही सारखेच वागले, तर काम आम्ल विझवण्याचे आहे. लिथियमकडून सिझियमकडे परिणाम वाढत गेला, तर आम्लारीधर्म आणि इलेक्ट्रॉनांचा विषय आहे, पण सिझियमचा आयन मोठा असल्याने तो जास्त जागाही व्यापतो, तेव्हा हायड्रोजन शोषणाशी पडताळा घ्या. लिथियम एकटेच वेगळे वागले तर आश्चर्य नको. त्याचा लहानसा आयन जास्त तापमानाला ॲल्युमिनाच्या जाळीत शिरून लिथियम ॲल्युमिनेट करतो आणि पृष्ठावरून नाहीसा होतो.

निकेलचे उदाहरण यासाठी शिकण्यासारखे आहे. पोटॅशियम घातलेल्या निकेलवर रिफॉर्मिंगचा वेग बहुधा कमीच होतो. तरी नॅफ्थासाठी ते वापरतात, कारण कार्बनचा दर त्याहून जास्त खाली येतो: आधारावर हायड्रोकार्बन तुटणे थांबते, वाफ पृष्ठावर जास्त धरली जाऊन कार्बनचे वायूकरण होते, आणि निकेलच्या पृष्ठावरच्या ज्या अणूंच्या पायऱ्यांवर ग्रॅफाइट अंकुरते त्या जागा पोटॅशियम व्यापते. तीनही जागांची कामे एकाच उत्प्रेरकात! इथे ‘क्रियाशीलता घटली’ एवढेच पाहणारा माणूस चांगला उत्प्रेरक फेकून देईल.

पायरी ९: वापरलेला नमुना उघडून पाहा

अल्कली जागेवर बसून राहत नाही. वाफ आणि उच्च तापमान असेल तर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या रूपाने उडते आणि पुढच्या थंड भागात, नळ्यांत, उष्णताविनिमयकात जमते. याच कारणाने नॅफ्थाच्या उत्प्रेरकांत पोटॅशियम ॲल्युमिनोसिलिकेटच्या रूपात कोंडून ठेवतात, म्हणजे ते हळूहळूच सुटते. सुटे कार्बोनेट भरले तर सुरुवातीचे आकडे छान येतात आणि मग नमुना कोरडा पडत जातो.

विक्रिया थांबवल्यावर क्षपित नमुना थेट हवेत काढू नका, तो पेट घेऊ शकतो. निष्क्रिय वायूत थंड करून सुमारे १ टक्का ऑक्सिजनने हळूहळू निष्क्रिय करा. मग थराचे तीन भाग करा: वरचा, मधला, खालचा. प्रत्येकाचे अल्कली वेगळे मोजा. तीनही सारखे आणि मूळ मात्रेइतके असले तर तुमच्या मालिकेतला आकडा खरा. वर कमी आणि खाली जास्त असेल तर अल्कली प्रवास करत आहे, आणि आलेखाच्या आडव्या अक्षावर लिहिलेली मात्रा फक्त पहिल्या तासाची आहे. एकूणच कमी झाले असेल तर रिॲक्टरच्या बाहेरच्या नळीचा थंड भाग पाण्याने धुऊन त्या पाण्यात अल्कली शोधा. तीच नळी पुढच्या ‘अल्कलीविरहित’ नमुन्यासाठी वापरायची असेल तर हे धुणे दुप्पट गरजेचे, आणि रिॲक्टरमधली उत्प्रेरकाला आधार देणारी क्वार्ट्झची लोकर दर वेळी नवी घ्या.

वापरलेल्या नमुन्याचे पृष्ठक्षेत्रफळही पुन्हा मोजा आणि ते दर ग्रॅम ॲल्युमिनामागे मांडा. ते घटले असेल तर क्ष-किरण विवर्तनात बीटा ॲल्युमिनाच्या रेषा शोधा. खूप तापलेल्या नमुन्यात अल्कली आणि ॲल्युमिना मिळून हा कमी पृष्ठाचा टप्पा तयार होतो, आणि त्यात अडकलेले अल्कली मग धातूच्या कामी येत नाही. क्षेत्रफळ बदलले की पायरी २ चे गणित नव्या आकड्याने पुन्हा करा, कारण अणू तेवढेच राहिले तरी त्यांची दाटी बदललेली असते.